मेस्त्री, बिगारी आणि पगार : ठाण्यात बसून स्पॅनिशमधले कामाचे शब्द शिकताना

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या नौपाड्यातल्या घरात बाथरूमच्या लाद्या बदलायला काढल्या. मेस्त्री आणि त्यांच्या हाताखालचा एक बिगारी, दोघं आठ दिवस घरात. मी तेव्हा स्पॅनिशच्या पहिल्या पातळीवर अडखळत होते. क्लासात मिळालेल्या व्यवसायांच्या यादीत अंतराळवीर होता, बैलांशी झुंजणारा तोरेरो होता, पण लादी बसवणारा माणूस काही नव्हता. शेवटी वही घेऊन दाराशीच बसले आणि समोर दिसेल त्याचा शब्द शोधायला लागले.

मेस्त्रींनी थापी खाली ठेवली. "ताई, कसला हिशोब मांडताय?"

"हिशोब नाही हो. तुम्हाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते बघतेय. माएस्त्रो म्हणतात."

"म्हणजे मेस्त्रीच की."

"मेस्त्रीच."

"मग पगार पण तिकडचाच लावा," ते म्हणाले आणि बिगारी घमेलं हातात धरून हसत उभा राहिला.

त्यांना ठाऊक नव्हतं, पण 'पगार'ही तिकडचाच आहे. त्या आठ दिवसांत मला जे शब्द पाठ झाले ते आजवर विसरले नाहीत, आणि अंतराळवीर अजूनही यादी उघडून बघावा लागतो. म्हणून नव्याने स्पॅनिश शिकणाऱ्यांना मी सांगते की कामाचे शब्द काम करणाऱ्या माणसाकडे बघत शिका. नाव सांगून झालं की कुणीही पुढे विचारतं ते 'काय करता?' हेच, तेव्हा हे शब्द पहिल्या महिन्यातच लागतात. मी गेले त्या क्रमाने पायऱ्या देते. काही मोठ्या आहेत, काही दोन ओळींच्या.

पहिली पायरी : घरात आधीच असलेले शब्द वेगळे काढा

१५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली. ठाणं त्यांच्याकडे १७३७ पर्यंत राहिलं, वसई १७३९ पर्यंत. ठाण्याचा किल्ला, म्हणजे आजचं मध्यवर्ती कारागृह, त्यांनीच बांधायला घेतला होता. दोनशे वर्षं ज्यांच्याकडे कामं केली त्यांचे कामाचे शब्द आपल्या तोंडी बसले. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, दोघींची आई लॅटिन. त्यामुळे मराठी माणूस स्पॅनिश शिकायला बसतो तेव्हा त्याची वही कोरी नसते.

'पागार' हे स्पॅनिश क्रियापद आहे, अर्थ पैसे देणं. 'पागा' म्हणजे मोबदला. आपली बालदी तिकडे 'बाल्दे'. चावीला पोर्तुगीजांच्या 'शाव्ह'शी नातं सांगता येतं, स्पॅनिशमध्ये तीच 'याबे' होते. मुलं सांभाळणारी आया जुन्या स्पॅनिशमध्येही 'आया'च. आजच्या बोलण्यात हा शब्द क्वचित येतो, पण वाचनात भेटेल. बिगारीच्या हातातलं घमेलंसुद्धा पोर्तुगीज 'गामेला'वरून आलेलं.

फक्त एक सांभाळा. प्रवासात शब्दांचे अर्थ सरकले आहेत. 'माएस्त्रो' म्हणजे शाळेतला शिक्षकही आणि कसबी कारागीरही. मेक्सिकोत गवंड्याला आदराने 'माएस्त्रो' अशीच हाक मारतात. 'पेओन' ऐकून आपल्या डोळ्यांसमोर ऑफिसातला प्यून येतो, आणि आपला प्यून आला आहे तो याच शब्दाच्या पोर्तुगीज भावंडावरून. पण स्पॅनिश पेओन चहा आणत नाही, तो विटा वाहतो. आमच्या घरातला बिगारी म्हणजे 'पेओन दे आल्बान्यिल', गवंड्याच्या हाताखालचा. बुद्धिबळातलं प्यादंही पेओनच. दोन्ही शब्दांच्या मुळाशी 'पाय' आहे. लॅटिनमध्ये पायी चालणारा, फारसीतही पायी चालणारा.

दुसरी पायरी : जीभ मराठीच ठेवा

ठाण्यातले बहुतेक लोक इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशकडे जातात आणि 'ट्राबाखाडोर' म्हणायला लागतात. काही गरज नाही. स्पॅनिशमधले त आणि द दातांना जीभ लावूनच म्हणायचे, आपले आहेत तसे. प, त, क यांत हवा सोडायची नाही, तेही आपल्याला आयतंच येतं. दोन स्वरांमधला द जरा सैल सोडा, म्हणजे झालं.

अडतो तो एक उच्चार. रोमन लिपीतल्या जे या अक्षराचा स्पॅनिश उच्चार मी इथे ख असा लिहिते आहे, पण तो खडूतला ख नव्हे. उर्दू गझल ऐकणाऱ्यांना माहीत असलेला, घशात घासणारा ख आहे. कोलंबियाचा माणूस तो इतका मऊ करतो की 'त्राबाहो' ऐकू येतं. दोन्ही चालतं. एच मुका असतो. ब आणि व यांत फरक करत नाहीत, दोन्हींचा ब. झेड, आणि ई-आयच्या आधी येणारा सी, यांचा उच्चार स्पेनच्या बऱ्याच भागात जीभ दातांत धरून होतो, लॅटिन अमेरिकेत सरळ स. मी मेक्सिकोच्या लोकांबरोबर काम करते, म्हणून खाली सगळीकडे स आहे.

जोर कुठे द्यायचा याचा नियम सोपा आहे. शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्यावर. नियम मोडत असेल तिथे लिहिताना स्वरावर तिरपी रेघ देतात. ओ-ब्रे-रो मध्ये ब्रे ठासून. त्रा-बा-खा-दोर मध्ये दोर ठासून.

तिसरी पायरी : एका मुळाचं सगळं कुटुंब एकदम

त्राबाखार म्हणजे काम करणं. त्राबाखो म्हणजे काम, आणि 'मी काम करतो' यालाही त्राबाखोच. त्राबाखादोर म्हणजे कामगार, बाई असेल तर त्राबाखादोरा, अनेक असतील तर त्राबाखादोरेस. 'काम करतो' आणि 'काम करते' असा फरक आपण क्रियापदात करतो. स्पॅनिश तो तिथे करत नाही, नामात आणि विशेषणात करते.

रूपं पाठ करायला कोष्टकाऐवजी स्पॅनिश राज्यघटनेतलं एक वाक्य घ्या. १९७८ च्या घटनेचं ३५ वं कलम सुरू होतं ते असं : 'तोदोस लोस एस्पान्योलेस तिएनेन एल देबेर दे त्राबाखार इ एल देरेचो आल त्राबाखो.' सर्व स्पॅनिश नागरिकांना काम करण्याचं कर्तव्य आहे आणि कामाचा हक्क आहे. क्रियापद आणि नाम एकाच ओळीत, त्यातही आधी कर्तव्य आणि मग हक्क. मी हे वाक्य ऐरोलीला जाताना ट्रान्सहार्बरच्या गाडीत पुटपुटत पाठ केलं. शेजारची बाई जरा सरकून बसली.

या मुळाची जन्मकथा कळली की शब्द डोक्यात घट्ट बसतो. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशात त्राबाखारचं मूळ 'त्रिपालियुम' दिलं आहे. तीन खांबांचं, माणसाला बांधून छळायचं साधन. छळण्यापासून शब्द राबण्यावर आला. हे वाचून मी आधी हसले आणि मग आपला 'कष्ट' आठवला. संस्कृतात कष्ट म्हणजे पीडा, त्रास. आपणही पीडेपासून निघून मेहनतीपर्यंतच आलो. आजही स्पॅनिशमध्ये 'पासार त्राबाखोस' असं अनेकवचनात म्हटलं तर त्याचा नोकऱ्यांशी संबंध नसतो. 'कष्टात दिवस काढले' हे आपण ज्या सुरात म्हणतो, तोच तो सूर.

चौथी पायरी : आहे, पण कोणतं 'आहे'?

मराठीत एक 'असणे', स्पॅनिशमध्ये दोन. सेर आणि एस्तार. सगळ्या व्याकरणाची पुस्तकं इथे पानंच्या पानं भरतात. कामाच्या शब्दांपुरतं बघायचं तर चार वाक्यांत भागतं.

'एस त्राबाखादोरा' : ती कष्टाळू आहे. स्वभाव.
'एस उना त्राबाखादोरा' : ती कामगार आहे. मध्ये 'उना' आलं की नाम झालं.
'एस्ता त्राबाखान्दो' : ती काम करते आहे, आत्ता, या क्षणी.
'ओय एस्ता मुय त्राबाखादोरा' : आज भलतीच कामाला लागली आहे! म्हणजे आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं.

हे चौथं वाक्य मी चुकून बोलून बसले होते, आमच्या मेक्सिकोतल्या साहेबीणबाईंबद्दल, त्यांच्यासमोर. त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, पण तेव्हापासून स्वभाव सांगायचा असेल तर 'एस' आधी तोंडात येतं.

व्यवसाय सांगताना आपला एक फायदा आहे. इंग्रजीत नर्सच्या आधी 'ए' लागतो, स्पॅनिशमध्ये लागत नाही आणि मराठीतही नाही. 'मी नर्स आहे' जसं, तसंच 'सोय एन्फेर्मेरा'. इंग्रजीतून भाषांतर करत गेलात तर चुकाल, मराठीतून गेलात तर बरोबर याल. 'मे गुस्ता मी त्राबाखो'चंही तेच. मला माझं काम आवडतं. 'मला' पुढे, आवडणारी गोष्ट कर्ता. इंग्रजी माध्यमातली मुलं या रचनेशी महिनाभर झगडतात, आपण तिच्यातच वाढलेलो असतो.

उलट एक खड्डा खास मराठी माणसासाठी खणून ठेवला आहे, तो 'खूप'चा. 'खूप काम करते' आणि 'खूप कष्टाळू आहे', आपल्याला दोन्हीकडे एकच खूप पुरतो. स्पॅनिशमध्ये क्रियापदाबरोबर 'मुचो', विशेषणाआधी 'मुय'. 'त्राबाखा मुचो', पण 'एस मुय त्राबाखादोरा'. पहिले दोन महिने मी सगळीकडे मुचो ओतत होते.

पाचवी पायरी : नौपाड्यापासून स्टेशनपर्यंत, दिवसाला सहा माणसं

सहाच. सातवा दिसला तरी उद्यावर ठेवा. प्रत्येक माणसावर तीन वाक्यं मनात म्हणायची. तो कोण आहे, कसा आहे, आत्ता काय करतो आहे. हाच सगळा सराव.

सकाळी सायकलवर पाव घेऊन येणारा आधी घ्या. पाव भाजणारा तो 'पानादेरो', कारण पाव म्हणजे 'पान'. पण दारोदार पोचवणारा 'रेपार्तिदोर', आणि हाच शब्द स्कूटरवरून जेवणाची पाकिटं आणणाऱ्या पोरांनाही लागतो. रस्ता झाडणारे 'बार्रेन्देरो'. जांभळी नाक्यावर भाजी विकणारी 'बेर्दुलेरा'. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी 'कोसिनेरा'. घरकाम करणाऱ्या बाईंसाठी 'त्राबाखादोरा देल ओगार' म्हणावं. मेक्सिकोत अजून बरीच घरं 'मुचाचा', म्हणजे 'पोरगी', असं म्हणतात, पन्नाशीच्या बाईलासुद्धा. ते आपण उचलू नये.

परिवहन सेवेच्या बसमध्ये चढलात की सावध व्हा. 'कोन्दुक्तोर' म्हणजे तिकडे ड्रायव्हर! तिकीट काढणारा तो 'कोब्रादोर', पैसे गोळा करणारा. मी पहिल्यांदा 'कोन्दुक्तोर'ने सुटे परत दिले असं लिहिलं तेव्हा शिक्षकांनी समासात विचारलं, गाडी कोण चालवत होतं? लोकलच्या मोटरमनला 'माकिनिस्ता'. असे इस्तावर संपणारे शब्द बाई-पुरुष दोघांना सारखेच : एल एलेक्त्रिसिस्ता, ला एलेक्त्रिसिस्ता.

प्लंबर हा असा माणूस आहे की देश बदलला की त्याचं नाव बदलतं. स्पेनमध्ये फोन्तानेरो, मेक्सिकोत प्लोमेरो, चिलीत गास्फितेर. पाणी मात्र सगळीकडे तितकंच गळतं.

नाक्यावर सकाळी डबा आणि थापी घेऊन उभे असलेले रोजंदारीवाले म्हणजे 'खोर्नालेरोस'. दिवसाची मजुरी 'खोर्नाल', कामाचा दिवस 'खोर्नादा', त्यावरून खोर्नालेरो. शेतमजुरालाही हाच शब्द. गवंडी 'आल्बान्यिल', हा शब्द स्पेनला अरबांकडून मिळाला. सुतार 'कार्पिन्तेरो'. मुकादम 'कापातास'. कंत्राटदार 'कोन्त्रातिस्ता'. चालू बांधकाम म्हणजे 'ओब्रा', त्यावर राबणारा 'ओब्रेरो'. कारखान्यातला कामगारही ओब्रेरोच, तेव्हा वागळे इस्टेटच्या शिफ्ट सुटताना एकच शब्द पुरे. ऑफिसात बसणारे मात्र 'एम्प्लेआदो'. घोडबंदर रोडने गेलात तर या एका परिच्छेदाची उजळणी गायमुखपर्यंत चालू राहील.

इथेच मेक्सिकोतली एक गोष्ट सांगते. ३ मे, सांता क्रूसचा दिवस, हा तिकडे गवंड्यांचा सण. चालू बांधकामावर फुलांनी सजवलेला क्रूस उभा करतात, मालक जेवण घालतो. दसऱ्याला आपले मेस्त्री थापी-ओळंब्याला झेंडू वाहतात, ते आठवून बघा.

आणि वाशीचं मार्केट. तिथल्या माथाड्यांना काय म्हणायचं, यावर मी बरेच दिवस अडले होते. 'कार्गादोर' म्हणजे हमाल, ओझं वाहणारा. बंदरात जहाजावर माल चढवणारा 'एस्तिबादोर', म्हणजे न्हावा-शेवाकडचं काम. पण माथाडी हा शब्द माथ्यावरून आला आहे, १९६९ चा त्यांचा स्वतःचा कायदा आहे, त्या वजनाचा शब्द हवा होता. तेव्हा 'ब्रासेरो' भेटला. 'ब्रासो' म्हणजे बाहू. ब्रासेरो म्हणजे बाहूंच्या बळावर मजुरी करणारा. १९४२ ते १९६४ या काळात मेक्सिकोतून अमेरिकेच्या शेतांवर करारावर गेलेल्या लाखो मजुरांना याच नावाने ओळखतात. अर्थ तंतोतंत जुळत नाही, ब्रासेरो शेतातला आणि माथाडी बाजारातला. पण शरीराच्या ज्या भागावर भार येतो त्याचंच नाव माणसाला मिळायचं, हे दोन्हीकडे सारखं.

सहावी पायरी : पैशाचे शब्द, थोडक्यात

मासिक पगार 'सुएल्दो' किंवा 'सालारिओ'. पगारपत्रक 'नोमिना'. ओव्हरटाइम 'ओरास एक्स्त्रास'. उचल 'आदेलान्तो'. आणि दिवाळी बोनसच्या जागी 'आगिनाल्दो'. मेक्सिकोच्या कायद्याने तो किमान १५ दिवसांच्या पगाराइतका आणि २० डिसेंबरच्या आत द्यावाच लागतो. डिसेंबर उजाडला की आमच्या तिकडच्या सहकाऱ्यांच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो, म्हणजे अगदी आपल्या वसुबारसेच्या आठवड्यासारखं.

कामगार संघटना 'सिन्दिकातो'. संप 'वेल्गा'. हा शब्द 'ओल्गार'वरून आला, म्हणजे स्वस्थ बसणं, आणि आळशी माणसाचा 'ओल्गासान' हा शब्दही त्याच घराण्यातला. माझे सासरे गिरणीत होते, १९८२ च्या संपात घरी आले ते परत गेलेच नाहीत. त्यांना ही व्युत्पत्ती मोठ्या उत्साहाने सांगितली.

"स्वस्थ कोण बसलं होतं?" ते म्हणाले. "दोन वर्षं भाजी विकली मी."

तर बेर्दुलेरो.

सातवी पायरी : कष्टाळूपणाच्या छटा

त्राबाखादोर कुठेही चालतो, पण सगळ्यांना तोच एक लावला तर बोलणं सपक होतं. आपल्याकडेही मेहनती, कष्टाळू, कामसू, कामाला वाघ, चोख, हे एका मापाचे नाहीत.

'आप्लिकादो' हा अभ्यासू मुलासाठी, प्रगतिपुस्तकातला शब्द. 'लाबोरिओसो' मधमाशीला शोभतो आणि ग्रंथातल्या माणसाला. बोलण्यात माणसाबद्दल कमी येतो, आणि कामाबद्दल वापरला तर अर्थ किचकट, वेळखाऊ असा होतो. 'कुम्प्लिदोर' मला सगळ्यांत आवडतो. अंगावर घेतलेलं पुरं करणारा, शब्दाचा पक्का. आमचे मेस्त्री सांगितलेल्या दिवशी सकाळी साडेनऊला दारात उभे असायचे, ठाण्यात हे किती दुर्मीळ आहे ते ज्याने घर दुरुस्त करून घेतलंय त्याला विचारा. त्यांना मी त्राबाखादोरच्या आधी कुम्प्लिदोर म्हणेन. 'आसेन्दोसा' म्हणजे घरकामात तत्पर, आणि हा शब्द बाईलाच लावला जातो. स्पेनच्या जुन्या कागदपत्रांत गृहिणीच्या व्यवसायाच्या रकान्यात 'सुस लाबोरेस' असं लिहीत, म्हणजे 'तिची तिची कामं'. आपल्या फॉर्मवर अजून 'काही नाही' लिहितात, त्यापेक्षा बरं म्हणायचं का, ठरवा.

एक चूक जवळपास सगळे करतात. इंग्रजीतल्या 'हार्ड'चा 'दुरो' करून 'त्राबाखादोर दुरो' म्हणतात. दुरो म्हणजे टणक. ऐकणाऱ्याला कामगार कडक स्वभावाचा वाटतो. कष्टाळूपणा त्राबाखादोरमध्येच आहे, वर काही चिकटवायला नको.

आळशासाठी पुस्तकी 'पेरेसोसो', स्पेनमध्ये 'बागो', लॅटिन अमेरिकेत 'फ्लोखो'. फ्लोखोचा मूळ अर्थ ढिला. स्क्रूही फ्लोखो, माणूसही फ्लोखो. मराठीत तरी वेगळं कुठे म्हणतो आपण?

फार राबण्याचे वाक्प्रचार सुरुवातीला तीनच पुरे. 'त्राबाखार दे सोल आ सोल', उगवतीपासून मावळतीपर्यंत. 'सुदार ला गोता गोर्दा', जाड थेंबाचा घाम गाळणं. आणि 'रोम्पेर्से एल लोमो', पाठ मोडेस्तोवर राबणं. यातला 'लोमो' म्हणजे जनावराची पाठ, माणसाची 'एस्पाल्दा' असते. आपण ढोरमेहनत म्हणतो तेव्हा नेमकं हेच करतो.

आठवी पायरी : गावठी शब्द जपून

नोकरी-कामाला प्रत्येक देशाचा घरगुती शब्द आहे. मेक्सिको आणि पेरूत 'चाम्बा', अर्जेंटिनात 'लाबुरो' (इटालियन स्थलांतरितांची देणगी), चिलीत 'पेगा', कोलंबियात 'कामेयो', म्हणजे चक्क उंट. उंटासारखा राबतो तो 'कामेयादोर'. स्पेनमध्ये 'कुर्रो', आणि कष्टाळू माणूस 'कुर्रान्ते'.

मी स्पेनच्या ध्वनिफिती ऐकून कुर्रो उचलला आणि ब्वेनोस आइरेसच्या एका सहकाऱ्याला ऐटीत म्हटलं, 'तेन्गो मुचो कुर्रो', खूप काम आहे. पलीकडे शांतता. मग तो हसायला लागला. अर्जेंटिनात कुर्रो म्हणजे लबाडीची कमाई, हातचलाखी. बिलं तपासणाऱ्या बाईने हे बोलावं म्हणजे काय झालं! तेव्हा नियम असा ठेवा : घरगुती शब्द समजून सगळे घ्यावेत, तोंडात मात्र समोरच्याने आधी वापरलेलाच घ्यावा. नाहीतर 'त्राबाखो' आहेच, तो कुणाला खटकत नाही.

नववी पायरी : दोन म्हणी, एकमेकींच्या विरुद्ध

'माद्रुगार' या एका क्रियापदात भल्या पहाटे उठणं मावतं. कर्जत-कसाऱ्याकडून चौथ्या सीटसाठी पहाटेची गाडी धरणाऱ्यांना हे क्रियापद भाषांतराशिवाय कळावं. 'आ किएन माद्रुगा, दिओस ले आयुदा' : पहाटे उठणाऱ्याला देव साहाय्य करतो. यावर उतारा म्हणून दुसरी, 'नो पोर मुचो माद्रुगार आमानेसे मास तेम्प्रानो' : कितीही लवकर उठलात म्हणून लवकर उजाडत नाही. आपण कोंबडं झाकलं तरी उजाडायचं राहत नाही म्हणतो, त्यांनी तीच पहाट दुसऱ्या टोकाने धरली आहे. पहिली म्हण साहेबाला ऐकवायला, दुसरी स्वतःला.

दहावी पायरी : शब्द नसेल तेव्हा

अकादमीचा शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहे, तो जवळ ठेवा. पण बोलताना कोश उघडता येत नाही. त्यासाठी एक वाक्य घोटून ठेवा : 'कोमो से यामा ला पेर्सोना के...' म्हणजे 'जो माणूस अमुक करतो त्याला काय म्हणतात?' के नंतर साधं क्रियापद. विकतो असेल तर 'बेन्दे', विकत घेतो असेल तर 'कोम्प्रा', दुरुस्त करतो असेल तर 'आर्रेग्ला'. एवढ्या सामग्रीवर कुठल्याही माणसाचं नाव काढून घेता येतं, आणि समोरच्यालाही सांगायला मजा वाटते.

मी ते पहिल्यांदा वापरलं भंगारवाल्यासाठी. आमच्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे मेक्सिको सिटीत सकाळचे साडेनऊ. फोनवर एका सहकारी बाईंना विचारलं, जो माणूस जुनं लोखंड विकत घेतो त्याला काय म्हणतात? त्या म्हणाल्या, "थांबा, तोच येतोय." आणि फोन खिडकीकडे धरला. खालून गाडीच्या कर्ण्यावर लहान मुलीच्या आवाजात, रेकॉर्ड केलेली, गाद्यांपासून फ्रिजपर्यंत सगळं विकत घेण्याची लांबलचक आरोळी चालली होती, शेवटी 'फिएर्रो बिएखो', जुनं लोखंड. आमच्या गल्लीत तो रविवारी अकराला येतो, कर्णा तसाच, आवाज पुरुषाचा. पुढच्या रविवारी मी तो रेकॉर्ड करून त्यांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं : 'मुय त्राबाखादोर, तान तेम्प्रानो?' एवढ्या लवकर? मग मी त्यांना आपल्या इकडचं घड्याळ समजावून सांगत बसले.